टर्कीची वरात

सकाळचे ऊन त्या घरात एकदम येत नसे. आधी ते समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर उतरे, आणि ते निळे प्लास्टिक काही क्षण असे उजळे की आत पाण्याऐवजी आकाशच भरून ठेवले आहे असे वाटावे. मग दोरीवरच्या कपड्यांमधून, लिंबाच्या शेंड्यावरून, कठड्यावर साचलेल्या एटना ज्वालामुखीच्या काळ्या राखेवरून ते सावकाश सरकत येई. राखेवर मात्र ते चमकत नसे, नुसते मुरे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले की ते जरासे थबके, बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या पाहुण्यासारखे. शेवटी फरशीवर त्याची एक अरुंद पट्टी पडे. ती पट्टी तपकिरी सोफ्याच्या पायापर्यंत पोहोचेतो एव्हरेट लिंडक्विस्टची कॉफी निवून गेलेली असे.

सोफा त्यांचा नव्हता. नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला अमेरिकन नौदलाच्या तळावरून असाच एक सोफा उसना मिळे. स्वतःचे सामान जहाजातून येईतो त्यावर बसायचे. कोणाच्याही घरी गेले तरी तोच सोफा भेटे, आणि एव्हरेटला वाटे, आपण कुठेच गेलेलो नाही, एकाच खोलीत फिरतो आहोत. सामान अजून समुद्रावर होते. भिंतींवर त्याने एक खिळादेखील ठोकला नव्हता.

त्याची बायको कॉरीन नौदलात विमानांची मेकॅनिक होती. जानेवारीत तिची तुकडी सहा महिन्यांसाठी दूर जाणार होती. तेव्हा एव्हरेटने सहा वर्षांच्या जूनीला घेऊन या सिसिलियन गावात राहायचे, की अमेरिकेत आयोवाला आपल्या आईकडे परतायचे, हे ठरवायचे होते. परतायचे तर तळावर आताच सांगायला हवे होते.

"जूनीसाठी म्हणतोय मी," तो दर वेळी म्हणे. "नवी भाषा, नवी शाळा, त्यात तू नाहीस. पोर बावरून जाईल."

कॉरीन वाद घालत नसे. "गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण होऊ दे," ती म्हणाली होती. "ताटावरून उठताना सांग. तू म्हणशील तसं."

आज गुरुवार होता. कॉरीन पहाटेच तळावर गेली होती. तीन वाजता ती बॅस्कम दांपत्याला घेऊन येणार होती. तळावर नव्या कुटुंबाला आधार म्हणून एक जुने कुटुंब नेमून देतात. त्यांच्या वाट्याला बॅस्कम आले होते. पॅट्रिस बॅस्कमने नवऱ्यामागे सात बदल्या पाहिल्या होत्या. विमानतळावर पहिल्याच भेटीत तिने एव्हरेटच्या हातात पाव, दूध आणि अंडी कोंबली होती आणि म्हटले होते, "पहिले सहा महिने रडायचं, मग दोन वर्षं मजेत काढायची, आणि निघताना पुन्हा रडायचं. नियमच आहे बाबा, त्यातून कोणी सुटलेलं नाही."

एव्हरेटने ओव्हनचे दार उघडले आणि टर्की उचलला. तळावरच्या दुकानातून निवडून आणलेला, आठ किलोंचा. पक्षी आत सरकला, अर्ध्यावर अडला आणि तिथेच राहिला. त्याने तो आडवा करून पाहिला. उलटा करून पाहिला. पाय बाहेरच.

"बाबा, त्याला मांडी घालायला सांग," जूनी खुर्चीवरून म्हणाली.

"हसू नकोस गं. ओव्हनच लहान आहे."

"टर्की मोठा आहे."

"ओव्हन लहान आहे," त्याने बजावले, जणू तेवढ्याने काही फरक पडणार होता. पाय दोरीने घट्ट बांधून, दाराला खुर्ची टेकवून त्याने ओव्हन चालू केला. थंडी होती म्हणून हीटर लावलेलाच होता. कॉरीनचे गणवेश मशीनमध्ये फिरत होते. एक क्षण सारे सुरळीत चालले, आणि मग सारे घर एका दमात गप्प झाले.

जिन्यावर पावले वाजली. घरमालकीण सिन्योरा अगातीना खाली राहत असे. तळाच्या भटारखान्यात तिने तीस वर्षे काढली होती, त्यामुळे तिचे इंग्रजी अस्सल खलाशांचे होते; हुकूम आणि शिव्या यांखेरीज तिला त्या भाषेत फारसे काही सुचत नसे.

"जागचं हलू नका कोणी!" ती दारातूनच गरजली. "काय काय लावलंस?"

"ओव्हन," एव्हरेट पुटपुटला. "आणि हीटर. आणि… कपडे."

"आणि एखादं विमान नाही लावलंस चार्जिंगला? अरे मुडद्या, या घराला वीज मिळते चिमूटभर. इथे ओव्हन तर ओव्हन, कपडे तर कपडे. तुम्ही अमेरिकन सगळेच मेले एका साच्यातले, पहिल्या हिवाळ्यात माझं घर अंधारात घालता." मग तिची नजर खुर्चीने कोंडलेल्या पक्ष्याकडे गेली. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "हे काय? शहामृग?"

"टर्की. आज आमचा सण आहे."

"आणि त्याला या खुराड्यात भाजणार होतास? चल, कपड्यांचं घमेलं आण. सारोकडे जायचं."

सारो म्हणजे गावचा पाववाला. पाव निघाल्यानंतरही त्याची लाकडाची भट्टी दुपारपर्यंत धगधगत असे, आणि सणावारी गावातल्या बायका आपापली ताटे तिथेच भाजायला नेत. एव्हरेटला हे ठाऊक नव्हते. तो तळावरचाच पाव आणी.

अशी ती वरात निघाली. पुढे जूनी, मागे घमेल्यात पाय बांधलेला टर्की घेतलेला एव्हरेट, आणि बाजूला अगातीना, जिला प्रत्येक खिडकीला उत्तर द्यायचे होते.

"अगाती, कोण गेलं गं?"

"गेलं नाही, जेवायला निघालंय!"

एव्हरेटने मान खाली घातली. या रस्त्याने तो रोज जूनीला शाळेत पोहोचवी, पण नेहमी भिंतीच्या कडेने, समोरून कोणी आले की फोन काढून. आज दोन्ही हात घमेल्यात अडकले होते. जूनी मात्र रस्ताभर थांबत होती. न्हाव्याला तिने नावाने हाक मारली. त्याच्या लंगड्या कुत्र्याचीही चौकशी केली. खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी "जुनेत्ता, जुनेत्ता" करत तिच्या हातावर बदाम ठेवले, आणि ती त्यांच्याच भाषेत त्यांच्यावर डाफरली, कारण कालच्यापेक्षा कमी दिले होते.

"हे सगळं तुला कधी आलं?" एव्हरेटने विचारले.

"केव्हाच," ती म्हणाली. "तू फोनमध्ये असतोस ना, तेव्हा. बाबा, 'बोन जोर्नो' म्हण ना, ते वाट बघतायत."

त्याने म्हटले. आवाज फाटला, तरी म्हाताऱ्यांनी टोप्या उचलल्या.

भट्टीपाशी सारो पिठाने पांढरा होऊन उभा होता. त्याने टर्कीच्या पोटावर टिचकी मारली आणि लांबलचक काहीतरी बोलला. अगातीनाने त्याचा सारांश काढला: "म्हणतो, हे वासरू कोणी मारलं?" मग सारोने कोणाला न विचारता पक्ष्याच्या पोटात लिंबे, लसूण आणि ओव्याच्या वासाची कुठलीशी पाने कोंबली. लांब दांड्याच्या फावड्यावर चढवून त्याला भट्टीत लोटले. पक्षी सहज आत गेला. शेजारी आणखी दोघांना जागा होती.

पैसे सारोने घेतले नाहीत. एव्हरेट घुटमळला. असे प्रसंग तो नेहमी कॉरीनवर सोपवी. ती हसून दोन शब्द बोले आणि सारे सोपे होऊन जाई. भट्टीची धग तोंडावर येत होती. जूनी त्याच्याकडे पाहत होती.

"सिन्योरा, याला सांगा," तो म्हणाला, "तीन वाजता जेवायला या. तुम्हीसुद्धा. दोघंही."

"तीन वाजता?" अगातीनाला खराखुरा धक्का बसला. "तीनला कोण जेवतं? दुपारचं जेवण म्हणायचं की रात्रीचं? देवालासुद्धा कळायचं नाही!" पण तिने निरोप सांगितला. सारोने हात पुसले आणि एकच शब्द उच्चारला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वाइन मी आणतो."

तीन वाजता उसना सोफा भिंतीला लागला आणि खालून अगातीनाचे मेज वर आले. टर्कीची कातडी मधासारखी झाली होती, आणि लिंबाचा वास जिन्यातून थेट रस्त्यापर्यंत गेला होता. पॅट्रिसने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"सात बदल्या झाल्या माझ्या. असला टर्की कुठल्याच तळावर नाही खाल्ला. कोणी केला?"

"मी धरला होता," एव्हरेट म्हणाला, आणि कॉरीनने त्याच्याकडे चमकून पाहिले. चारचौघांत त्याने विनोद केल्याला फार दिवस झाले होते.

सारोला भोपळ्याचे गोड पुरण घातलेला 'पम्पकिन पाय' पटला नाही. भोपळ्यात साखर घालणारी माणसे जहाजे कशी चालवतात, असे त्याने विचारले. अगातीनाने भाषांतर करताना त्यात आपल्या दोन शिव्या मिसळल्या. बॅस्कम हसता हसता ठसकला. संध्याकाळचे ऊन ताटांच्या कडांवरून ओसरत गेले, आणि जूनी सारोच्या मांडीवर बसून त्याला इंग्रजी आकडे शिकवू लागली. तो मुद्दाम चुकत होता. ती त्याला रागे भरत होती.

ताटे उचलताना कॉरीन स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मग?" तिने हलकेच विचारले. "काय ठरलं?"

जूनी बावरून जाईल. वाक्य तयारच होते. इतक्या वेळा म्हटल्यामुळे ते जिभेवर आपोआप आले. त्याने दारातून आत पाहिले. जूनीने सारोची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली होती आणि एका पायावर गिरकी घेत होती.

"राहतो आम्ही," तो म्हणाला.

"नक्की? जूनीला जमेल ना?"

त्याने नळ बंद केला.

"जूनीला कधी भीती वाटलीच नव्हती, कॉरीन," तो म्हणाला. "मला वाटत होती."