फाटकापेक्षा रुंद

मी एक बोट बोलतेय, आणि नाक मुरडून बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. गोड गोड बोलणाऱ्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत पुष्कळ लिहिली असतील. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या वाट्याला जे आलं, ते नुसतं आठवलं तरी मला शिसारी येते.

जन्म मात्र चांगला झाला. एका पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यात फायबरचे थर एकावर एक चढवून मला घडवलं. कारागिरांनी माझं पोट हाताने घासून गुळगुळीत केलं, अंगभर पांढरा रंग दिला, कमरेवर निळा पट्टा ओढला. चार माणसांची बैठक आणि मागे एक छोटं इंजिन. मासे धरायला नाही, माल वाहायला नाही, निव्वळ हौसेसाठी जन्मलेली मी. शेडमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाई, मजा कर." मला बिचारीला ते खरं वाटलं.

मला विकत घेतलं ते गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थाने. त्याचं स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, दोन गाड्या होत्या, आणि सगळे त्याला आदराने 'सर' म्हणत. मी नुसतं 'तो' म्हणणार. का, ते कळेलच.

त्याला बोटीची हौस होती असं समजू नका. त्याच्या थोरल्या भावाने मोठी ऐसपैस गाडी घेतली आणि भर पंगतीत याला विचारलं, "तू अजून त्या शिकाऊ गाडीतच फिरतोस का रे?" झालं. थोरल्याकडे गाडी, तर धाकट्याकडे बोट. पुढच्याच महिन्यात मी ट्रेलरवर बसून त्याच्या अंगणात आले. शेजारीपाजारी बघायला आले, आणि तो माझ्यावर हात ठेवून असा उभा राहिला की जणू यानेच मला घडवलंय.

पहिल्यांदा तलावावर गेलो तेव्हा त्याने कप्तानाची टोपी घातली होती. बायको शेजारी बसली होती, आनंदाने पाण्यात हात घालत होती. किनाऱ्यापासून थोडं आत गेलो असू नसू, तेवढ्यात त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काहींना गाडी लागते, तशी त्याला बोट लागत होती. आणि तो माझ्या मागच्या बैठकीखाली, कोपऱ्यात, भडाभडा ओकला.

ओकला त्याचं मला काही नाही. माणसाच्या पोटावर माणसाचा तरी कुठे ताबा असतो? पण त्याने तोंड पुसलं, त्या घाणीवर पायपुसणं ओढलं आणि बायकोला म्हणाला, "सकाळचं दूध नासकं होतं बहुतेक. हे धुऊ उद्या." तो उद्या काही उजाडला नाही. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलोच नाही.

मग मी अंगणातली झाले. वर ताडपत्री, ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं हिरवं पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. हळूहळू माझ्या पोटात घरातली अडगळ येऊन पडू लागली. बुरशी धरलेली गादी, फुटक्या कुंड्या, शिकाऊ गाडीच्या जुन्या पाट्या. उंदरांनी गादी कुरतडून त्यात बाळंतपणं उरकली. आणि रविवारी हा माझ्या पुढच्या बैठकीवर चहाचा कप घेऊन बसायचा आणि पायाची नखं कापायचा. नखं माझ्याच पोटात पडायची. कोणी पाहुणे आले की मात्र ताडपत्री निघायची, टोपी डोक्यावर चढायची आणि फोटो निघायचे. "मधूनमधून पाण्यावर गेलं की डोकं कसं शांत होतं," असं तो पाहुण्यांना सांगायचा. बैठकीखालचा तो वास माझ्या नाकात आणि याच्या तोंडी हे बोलणं! गावभर त्याला 'बोटवाले सर' म्हणायला लागले होते, आणि त्याला ते अत्तरासारखं लागत होतं.

त्याची बायको पडदे शिवायची. गळ्यात सदानकदा टेप, केसांत कुठेतरी दोऱ्याचा तुकडा. समोरच्या खोलीत तिचं मोटरवालं मोठं शिलाई मशीन होतं. त्याचा आवाज मला अंगणात ऐकू यायचा. त्या घरात मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट होती. ते मशीन रोज राबत होतं, आणि मी ताडपत्रीखाली कुजत होते.

मग दिवस पालटले. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं, चकचकीत ड्रायव्हिंग स्कूल निघालं. याच्याकडे येणारे कमी झाले, आणि त्यातच एका गाडीचं इंजिन बसलं. बायको सरळ म्हणाली, "अहो, बोट काढून टाका. इंजिनाचं काम होईल, वर चार पैसे हाताशी राहतील."

"बघू," तो म्हणाला.

बघू म्हणजे नाही, हे त्या घरातल्या उंदरांनाही माहीत होतं. गिऱ्हाइकं आली. एकाला याने सांगितलं, बोटीचं इंजिन मधेच रुसतं. दुसऱ्याला अशी किंमत सांगितली की तो गेटातूनच परत फिरला. बायकोने विचारलं की मान हलवायचा, "लोकांना फुकटात पाहिजे सगळं."

आणि मग त्याने जे केलं, त्याला माझ्याकडे शब्द नाही. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. याने टेम्पो बोलावला आणि तिचं शिलाई मशीन जुन्या सामानाच्या दुकानात विकून टाकलं. त्या पैशांत गाडीचं इंजिन दुरुस्त झालं. दिवसाला एक दमडी न कमावणारी मी अंगणात तशीच राहिले, आणि घर चालवणारं मशीन माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढलं. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

बायको परत आली. समोरच्या खोलीत मशीनचा कोपरा रिकामा होता.

"तात्पुरतं दिलंय गं," तो म्हणाला. "दुकानदार ओळखीचा आहे. महिनाभर कुणाला विकणार नाही, शब्द दिलाय त्याने."

"माझ्याकडे हॉटेलचं काम आलंय. सगळ्या खोल्यांचे पडदे. एवढं मोठं काम मला पुन्हा मिळणार नाही. आणि तुम्ही माझं मशीन विकलंत?"

"घरासाठीच केलं ना?"

"मग बोट का नाही विकलीत?"

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की महिन्याच्या आत बोट विका आणि मशीन आणा, नाहीतर हॉटेलचं काम जाईल. मग खिडकीशी बसून हाताने पडद्याच्या कडा दुमडायला लागली. हाताने किती होणार? पण ती रोज बसायची, बोटांना चिंध्या गुंडाळून.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो अंगणात आला. हातात तिचा टेप. त्याने ताडपत्री बाजूला केली आणि माझी रुंदी मोजली. एकदा नाही, दोनदा, अगदी काळजीपूर्वक. मी वेडी! मला वाटलं, नवीन आच्छादन शिवून घेतोय, आता ही घाण निघणार. मग तो अंगणाच्या तोंडाशी गेला, तिथेही टेप लावला आणि खुणेला दोन विटा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. तोवर अंगणाला नुसतं तारेचं कुंपण होतं आणि एक रुंद गेट. "चोऱ्या वाढल्यात," त्याने बायकोला सांगितलं. "बोट विकायची तर गिऱ्हाईक येईपर्यंत नीट राहिली पाहिजे ना? आणि खर्च काही नाही. विटा पडूनच आहेत, मजुरीच्या बदल्यात गवंड्याला गाडी शिकवतो." तिला वाटलं, निदान विकायचं तरी मनावर घेतलंय.

"फाटक एवढंच ठेवायचं, सर?" गवंड्याने विचारलं.

"एवढंच."

भिंत चढली. दोन खांब उभे राहिले, त्याने ओल्या सिमेंटवरच पुन्हा एकदा टेप लावून बघितला, लोखंडी फाटक बसलं, आणि मी बघत राहिले. त्या दोन खांबांमधून माझ्यासारखी बोट निघूच शकत नव्हती. हातभर कमी पडत होतं. हा माणूस दिवसभर शिकाऊ लोकांच्या कानीकपाळी ओरडायचा, "अंदाज घ्या! गाडी केवढी, जागा केवढी, अंदाज घ्या!" त्याचा अंदाज चुकला नव्हता. त्याने मला कोंडलं होतं, आणि तेही बायकोच्या टेपने मोजून.

रात्री आतून तिचा आवाज आला. "टेपला हे सिमेंट कुठून लागलं?"

"फळी मोजली जरा."

मला तेव्हा बोलता आलं असतं, तर मी सगळी आळी जागी केली असती.

महिना संपत आला तेव्हा बायकोनेच गिऱ्हाईक शोधलं. औषधांच्या दुकानाची मालकीण होती ती, ठसठशीत, मोकळ्या स्वभावाची. आली ती थेट बाह्या सरसावून माझ्यात चढली, गादी उचलून बाहेर फेकली, बैठकीखाली वाकली आणि नाक दाबून म्हणाली, "ईऽ, हे काय सडवलंय? असू दे, धुऊन घेईन." किंमत ठरली, तीही एका वाक्यात. पैसे तिने पर्समध्ये आणलेच होते.

ट्रेलर फाटकापाशी आणला, आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! हे माझ्या लक्षातच आलं नाही! निघतच नाहीये हो!" पुन्हा ढकलल्यासारखं केलं, पुन्हा हळहळला. असं नाटक मी जन्मात पाहिलं नाही. "आता काय करणार? भिंत काही फोडता येत नाही. राहू दे झालं."

औषधवाल्या बाई पर्स काखेला लावून निघाल्याच होत्या. "थांबा जरा," बायको म्हणाली. तिने गळ्यातला टेप काढला आणि फाटक मोजलं. मग माझ्याजवळ आली, माझी रुंदी मोजली. टेप गुंडाळता गुंडाळता थांबली. टेपच्या टोकाला ते सिमेंट अजून चिकटलेलंच होतं. तिने ते नखाने खरवडलं, बोटांवर चोळून बघितलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तू मोजलंस," ती म्हणाली. "माझ्या टेपने मोजून बांधलंस."

तो आधी हसण्याचा प्रयत्न करत होता. मग हसू गेलं. खाली बघत म्हणाला, "स्कूल चालत नाही. थोरला हसतो. ही बोट पण गेली असती, तर काय राहिलं असतं माझ्याकडे?"

"मी काय मेले होते?"

मला त्याची दया यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. नाही आली. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोची चिंध्या बांधलेली बोटं दिसत नाहीत, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं काय आणि नाही आलं काय.

"पहार आण," ती म्हणाली. औषधवाल्या बाईंनी पर्स खाली ठेवली आणि पायरीवर बसकण मारली. "मला घाई नाही," त्या म्हणाल्या.

त्यानेच भिंत फोडली. घामाने निथळत, एकेक वीट काढत. रस्त्यावर बघे जमले. त्याला 'बोटवाले सर' म्हणणारे तेच लोक होते. तो मान वर करत नव्हता. एक खांब आडवा झाला, आणि मी कित्येक वर्षांनी रस्त्याला लागले.

मला ओढायला त्याचीच शिकवायची गाडी होती. बायको पैसे मुठीत धरून शेजारी बसली. वाटेत जुन्या सामानाच्या दुकानाशी ती उतरली, पैसे दुकानदाराच्या हातावर ठेवले, आणि दोघांनी मिळून मशीन उचलून गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं.

"पट्टा लाव त्याला," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने मशीनला पट्टा लावला, शिकाऊ माणसाला लावतात तसा. मागच्या काचेतून मला ते मशीन दिसत होतं, आणि मी त्याच्यामागून तलावापर्यंत गेले. माझ्या आयुष्यातला हा पहिला कामाचा प्रवास होता. तो अजूनही तिच्या 'तू'मध्येच आहे की 'अहो'वर परत गेला, हे मला ठाऊक नाही. तलावाकाठच्या त्या हॉटेलच्या खिडक्यांना मात्र नवे पडदे लागलेत. ते तलावावरून दिसतात.

आता मी औषधवाल्या बाईंची. तुमच्याही अंगणात, माळ्यावर, कपाटात माझ्यासारखं काहीतरी झाकून ठेवलेलं असेल, तर एकदा ताडपत्री काढा आणि वास घ्या. नुसता लोकांना दाखवायला तो जीव सडवत असाल, तर देऊन टाका कुणाला तरी. कोंडून ठेवू नका.

परवा बाई सासूला घेऊन आल्या होत्या. तलावाच्या मध्यावर सासूबाईंना बोट लागली, आणि त्या माझ्या मागच्या बैठकीखाली, नेमक्या त्याच कोपऱ्यात, ओकल्या. माझ्या अंगावर काटा आला. बाई हसल्या, "होतं असं, आई," म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे बादली पाण्यात बुडवून मला धुऊन काढलं.