गोजराबाईची पाहणी

भुकूम गावच्या लोकांचा सरकारवर राग होता असं नाही. सरकारला म्हशीतलं कळत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. पुण्यात जयसिंग गवळ्याचा मोठा गोठा होता. गावानं पैसे घालायचे, त्यानं म्हशी घेऊन सांभाळायच्या आणि दुधाच्या नफ्यातला वाटा महिन्याला पोचवायचा, असं ठरलं. हे ऐकून सहकार खात्याचे साहेब पौडाहून सायकल मारत आले. म्हणाले, "रीतसर संस्था नोंदवा. मग जयसिंगचं सगळं दप्तर आम्हाला तपासता येईल. त्यानं आणखी कुणाकुणाचे पैसे घेतलेत तेही कळेल."

"सायब, तुमी वर्साकाठी एकदा येणार, च्या पिणार आन् सही करणार," म्हातारे कुशाबा म्हणाले. "आमची गोजरा म्हशीतली जाणती, ती दर म्हयन्याला म्हशी बघून येणार हाय."

गोजराबाईनं लगेच समोरच्या म्हशीकडे बोट करून तिचं वय विचारलं. साहेबांनी भलताच आकडा सांगितला आणि पारावरचे सगळे हसले. बिचारे साहेब सायकलवर टांग टाकून परत गेले. पुढे कितीतरी दिवस गोजराबाईचे पाय जमिनीवर नव्हते.

काम मात्र तिनं चोख केलं. दात बघायची, कास चाचपायची, वैरण हुंगायची. गावाच्या म्हशींतल्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एकीला तिनं चंद्री नाव ठेवलं होतं. नफा वेळेवर येत होता. मग डोंगरातल्या वाडीवरच्या पारूनं शेळ्या विकून पैसे आणून दिले. "तुमी बघतायसा न्हवं मावशी, मग झालं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी बेंदराच्या सणाच्या बाजाराला गोजराबाई पुण्यात गेली आणि ठरल्या दिवसाआधीच सहज गोठ्यात डोकावली. एक माणूस चंद्रीच्या शिंगाला लाल गोंडा बांधत होता.

"या बाई," तो कौतुकानं म्हणाला. "ही आमच्या गावची म्हस. मी कोळवनचा दुकानदार जैनुद्दीन. म्हयन्याला येतो बगायला. गावानं माझ्यावरच सोपवलंय."

गोजराबाईनं कपाळावरचा पांढरा ठिपका पुन्हा पुन्हा बघितला. एकच म्हैस दोन गावांना दाखवली होती; आणखी किती गावांना, देव जाणे. ती काही बोलायच्या आत जयसिंगनं तिला वैरणीच्या गंजीमागं नेलं.

"बाई, तुमच्या गावाचं पैकं आत्ता देतो," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांचं द्याया माझ्यापाशी न्हाईत. तुमी बोभाटा केला तर तुमालाबी मिळायचं न्हाई."

तिला पारू आठवली. तिनं पैसे घेतले आणि लुगड्याआड कमरेला बांधले.

परतीच्या एसटीत जैनुद्दीन तिच्याच शेजारी येऊन बसला. त्यानं भाकरीतली अर्धी तिला दिली. तो स्वतः पैसे घालतोय म्हटल्यावर निम्म्या कोळवणानं घातले, हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. चंद्रीच्या दुधाचं वर्णन तर संपता संपेना. गोजराबाई हूं हूं करत राहिली. बावधन गेलं, भूगाव गेलं. सांगावं, असं तिला दर वळणावर वाटलं, आणि दर वळणावर ती कमरेची गाठ चाचपत राहिली. भुकूमला ती उतरली तेव्हा त्यानं खिडकीतून तिची पिशवी खाली दिली.

वैरणीचा वास बरा वाटला नाही म्हणून पैसे काढून घेतले, असं तिनं गावात सांगितलं. गावानं नारळ देऊन तिचा मान केला. "बघा, लागलं का सरकार?" कुशाबा जो भेटेल त्याला विचारत होते. पारूनं तर तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या आत जयसिंग म्हशी विकून परागंदा झाला. कोळवणासकट कितीतरी गावं बुडाली. पौडाला तेच साहेब जबान्या घ्यायला बसले; गोजराबाई गेली, तेव्हा जैनुद्दीन आधीच तिथं होता. कोळवणात आता कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढत नव्हतं. तरी गोजराबाईला बघून तो उठला, तिला जागा दिली आणि साहेबांना म्हणाला, "ह्यांचं गाव वाचलं, पर फसवलं ह्यांनाबी. एवढ्या जाणत्या बाईला जे कळलं न्हाई, ते मला कुटनं कळावं?"

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला संशय कधी आला?"

वैरण म्हटलं असतं तर भागत होतं. साहेबांना वैरणीतलंही काही कळत नव्हतं.

"ह्यांना गोठ्यात बघितलं तवाच समदं कळलं," गोजराबाई म्हणाली. "पैकं मी त्याच दिशी घेतलं. येष्टीत ह्यांची भाकर खाताना ते माझ्या कमरंला हुतं."

साहेबांनी लिहायचं थांबवलं. त्यांनी चार शब्द सुनावावेत असं तिला फार वाटलं, पण ते खाली बघत राहिले. जैनुद्दीन तिच्याकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "भुकूमला उतरताना तरी सांगायचं हुतं, बाई. मी तितंच उतरून म्हागारी पुन्याला गेलो असतो."