चौथं वर्ष

“फॉर्म आज पाचच्या आत पाठवायचाय, आई,” ब्रिटा म्हणाली. तोंडात केक, नजर लॅपटॉपवर आणि टेबलाखाली एक पाय सारखा हलतोय. “तीन वर्षांत कॉलेज संपवते म्हणून कळवलं, की पुढच्या उन्हाळ्यात मी मोकळी. मग प्रवेश मिळेल तिथं मेडिकलला. नाहीतर सगळ्यांसारखं चौथं वर्ष याच कॉलेजात.”

साडेचार वाजून गेले होते. मी पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

या पोरीनं शाळेत असतानाच कॉलेजचे वर्षभराचे विषय उरकून ठेवलेत. सोळाव्या वर्षापासून कॉलेजला जाईपर्यंत शनिवार-रविवार वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. कॉलेजच्या गाण्याच्या चमूत घेतलं होतं, तर प्रयोगशाळेची वेळ जुळेना म्हणून तेही सोडलं. एक वर्ष जरा गा की, झोप की! आणि खोटं कशाला बोलू, माझाही स्वार्थ होताच. तिचं कॉलेज डुलुथला, इथून दीड तासावर. दर दुसऱ्या रविवारी धुण्याची पिशवी घेऊन येते. मेडिकलला गेली की कुठली येतेय! मला ती आणखी एक वर्ष हवी होती.

“मग काय करू?” ती म्हणाली. “राहू चौथं वर्ष?”

“तुझं तू बघ. मी काय सांगणार?”

आता आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाहीच. तिसऱ्यांदा विचारलं, की मग मनातलं बोलायचं. कॉफी असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ओढायला मदत असो. माझं लग्नही असंच ठरलं. तिसऱ्यांदा विचारायला व्हर्लिननं अकरा महिने लावले, आणि तोवर माझा जीव टांगणीला.

“खरं सांग ना. राहू?”

“अगं, आमच्यासाठी कशाला थांबतेस? आम्ही मजेत आहोत.”

व्हर्लिननं वर्तमानपत्र जरा खाली घेतलं. मी फडकं हातात धरून उभी. उत्तर अगदी ओठावर होतं. राहा गं बाई, राहा. विचार आता.

“बरं,” ब्रिटा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. “गेला.”

व्हर्लिन उठला. “वेगळंच केलंस हं,” असं लेकीला म्हणून गॅरेजमध्ये निघून गेला. आमच्या गावात याहून कडक कुणी बोलत नाही.

माझा मात्र पारा चढला. “दोन वर्षं शहरात काय राहिलीस, माणसांची रीत विसरलीस!”

“कसली रीत?”

“दोनदाच विचारलंस!”

तिचा पाय हलायचा थांबला. “विसरले नाही, आई. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू राहा म्हणाली असतीस.”

“मग?”

“मग मी राहिले असते.” तिचे डोळे भरून आले होते. “चार वर्षं मेडिकल, पुढं आणखी तीन-चार. कुठंही एक वर्ष थांबले ना, की मी थांबूनच जाईन, मला माहीत आहे. तू नर्सिंग किती दिवसांसाठी सोडलं होतंस?”

एका वर्षासाठी सोडलं होतं, माझ्या आईला बघायला. आईचं दुखणं चार वर्षं चाललं. मग लग्न, मग ही. इस्पितळात रक्त काढायला माणूस हवा होता, तेवढं शिकायला सहा आठवडे लागले. त्याला अठरा वर्षं झाली. निम्म्या गावाच्या शिरा मला तोंडपाठ आहेत. पुन्हा कॉलेजला जायचं का, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही म्हटलं. बाई बाहेरगावच्या होत्या.

ड्रायर थांबला. मी तिचे कपडे आणून टेबलावर ओतले. ती म्हणाली, “मी करते गं.” मी म्हटलं, बस. शेवटी दोघी मिळून मोजे जुळवायला लागलो. दोघींचे हात भराभर चालत होते.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

एकदाच विचारलं होतं तिनं.

“हो,” मी म्हटलं. “तू जावंस असं मला वाटतच होतं. फक्त इतक्यात नको होतं.”

तिनं मान हलवली. मग उरलेले मोजे आम्ही जुळवून टाकले.