अकरा मिनिटांची हवा

दाढी ठेवून धुरात शिरायचं नसतं, हे पंचवीस वर्षांत मी शंभरेक पोरांना ओरडून सांगितलं असेल. धुरात जाताना पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असतो. मास्कच्या रबराला उघडी कातडी लागते. मध्ये केस आले की हवा बाजूने निसटते आणि सिलिंडर वेळेआधी संपतो. एवढी साधी गोष्ट. आमच्या फायर स्टेशनमधून दोन दाढीवाल्यांना मी हजेरीवरूनच घरी हाकललं होतं. माझ्या पाठीमागे पोरं मला ‘जागेश्वर न्हावी’ म्हणत.

वीरेंद्रला मात्र मी हाकललं नाही. वीरेंद्र माझा जावई.

माझ्या पोरीला, टीनाला, सातवा महिना लागला होता. बायको पोटुशी असताना नवऱ्याने दाढी करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मागच्या खेपेला वीरेंद्रने माझ्याच धाकाने दाढी केली आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण माझी बायको सुलोचना ताटावरून उठून म्हणाली होती, "या बारीनं जवाईबापूच्या तोंडाले वस्तरा लागला, तर मी तुमच्यासंग बोलणार नाही." आणि खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. मग मी पळवाट काढली. वीरेंद्रला मास्क द्यायचाच नाही, त्याने पाइप धरायचा. हजेरीला तो समोर आला की मी रजिस्टरात डोकं घालायचो.

त्या दिवशी मास्क घालणारा एक गडी भाताच्या रोवणीसाठी त्याच्या गावी, करडीला गेला होता. नेमकी दुपारी दोनला बाजारातली तीन मजली इमारत पेटली. खाली पितळी भांड्यांचं दुकान, मागे खोक्यांचं गोदाम. सगळा धूर जिन्याने वर चढत होता. वरच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या.

रस्त्यावर एक बाई, रिता, माझ्या हाताला लोंबकळली. "माझी माय, शकुनबाई, वरतं आहे जी, तिसऱ्या माळ्यावर! गुडघ्याचं आपरेशन झालं, तिले चालता येत नाही!"

मास्क दोन. आत जाताना दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. अश्विन तयार होता. दुसरा मी व्हायला हवा होतो. पण बाहेर कुणीतरी फळ्यावर वेळ लिहून हवेचा हिशोब ठेवावा लागतो आणि ते काम इनचार्जचं, म्हणजे माझं. ड्रायव्हर सेवकरामच्या हातात खडू देऊन मी आत गेलो असतो तर आभाळ कोसळलं नसतं. मी तिथे उभा राहून विचार करत बसलो आणि तेवढ्यात वीरेंद्रने मास्क उचलला.

"साहेब, मी जातो."

मी त्याची दाढी पाहिली. वर खिडकीतून येणारा धूरही पाहिला. "जा," म्हणालो.

सिलिंडर तीस मिनिटांचा. दहाव्या मिनिटाला वॉकीटॉकीवर अश्विन बोलला, "साहेब, शकुनबाईचं दार सापडलं. आतून कडी आहे. बुढी खोकलून राहिली, आवाज येते." रिता ते ऐकून रडता रडता हसली.

अकराव्या मिनिटाला शिटी वाजली. हवा संपत आली की सिलिंडर स्वतःच शिटी वाजवतो. वाजली की दोघांनीही बाहेर यायचं.

"कोणाची?" मी ओरडलो.

"वीरेंद्रची. साहेब, मी दार तोडतो, याले एकटाच खाली पाठवू काय?"

त्या जिन्यात हात दिसत नव्हता. एकटा वाट चुकला असता तर वीरेंद्र तिथेच राहिला असता. नियमाने माझं उत्तर बरोबर होतं, कोणताही अधिकारी तेच देईल. पण ते देताना माझ्या डोक्यात नियम नव्हता, टीना होती.

"दोघंही वापस या. लगेच."

सिलिंडर बदलायला चार मिनिटं गेली. या खेपेला वीरेंद्रचा मास्क मी घातला आणि अश्विनबरोबर वर गेलो. दार तोडलं. शकुनबाई दारालाच टेकून बसल्या होत्या, एक हात कडीवर. त्यांना खांद्यावर घेऊन मी खाली आणलं, पण श्वास नव्हता.

वीरेंद्र बंबाच्या चाकाशी बसला होता. रिताने आईच्या तोंडावरची काजळी पदराने पुसली आणि मला विचारलं, "दारापर्यंत जाऊन वापस काहून आले, काका?"

खोटं बोलणं सोपं होतं. सिलिंडर खराब निघाला, एवढंच म्हणायचं. मी खरं सांगितलं. दाढी, मास्क, जावई, सगळं.

तिने वीरेंद्रकडे पाहिलं. "कितवा आहे?"

"सातवा."

मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या, मी त्यासाठीच उभा होतो. ती म्हणाली, "पोरीले सांगू नोका. या दिवसांत असं आयकू नाही."

वीरेंद्रचा फोन वाजला. त्याने तो माझ्यापुढे धरला, मी घेतला.

"बाबा?" टीना घाबरलेली होती. "बजारात आग लागली म्हणते. हे बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"अन् वरतं बुढी फसली होती म्हणते, ते?"

रिता माझ्यापासून दोन हातांवर आईच्या पायाशी बसली होती.

"वाचली," मी म्हणालो.