बिनतुपाचा भात

वैष्णवीची सानवी जन्मली तेव्हा चांगली टपोरी होती. दुसरा महिना लागला आणि पोर उतरणीला लागली. दूध प्यायची, थोड्या वेळानं ओकायची, पोट टम्म फुगायचं, आणि दुपटी धुताना वैष्णवीच्या हाताला ओशट वास लागून राहायचा. तिचा नवरा दर्शन लोटे गावच्या कंपनीत पाळीवर होता. सुट्टीला हर्ण्यात घरी आला की दारातूनच विचारायचा, "भरली काय गो थोडी?" वैष्णवी लेकीचं मनगट त्याच्या बोटांत द्यायची.

सासू मालन बंदरावरून मासळी आणून, सुकवून विकायची. घरातलं मूल वाळत चाललेलं तिला बघवेना. उष्टावण झाल्यावर तिनं भातावर तुपाची धार धरली, नाचणीचं सत्त्व नारळाच्या दुधात शिजवलं. "अंगी लागायला वेळ लागतो," म्हणायची. वैष्णवीलाही ते पटायचं. ती उठता-बसता पोरीला अंगावर घ्यायची. दोघी जीव ओतत होत्या आणि सानवी आणखीच सुकत होती.

शेवटी दापोलीच्या डॉक्टर ऋतिका यांनी रक्त तपासलं. त्यातली चरबी इतकी कमी निघाली की त्यांनी तपासणी पुन्हा करवली आणि मग मुंबईला धाडलं. तिथं आतड्यात दुर्बीण घातली. आतून आतडं पिठूळ, पांढरं दिसत होतं. जनुकांची तपासणी झाली. अहवाल आला तेव्हा दर्शननं रजा टाकली आणि तिघंही सानवीला घेऊन दापोलीला गेले.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. "नीट ऐका. कळलं नाही तर मधेच थांबवा मला. आपण खातो ती चरबी आतड्याच्या पेशी आत घेतात. पेशी डोळ्याला दिसत नाही एवढी लहान, पण तिच्या आतही पातळ पडद्यांचे कप्पे असतात. एका कप्प्यात चरबी प्रथिनात गुंडाळली जाते. मग त्या पडद्याचाच एक बुडबुडा फुगतो, सुटतो, आणि पुढच्या कप्प्याच्या पडद्यात जाऊन मिसळतो. त्याच्यातून माल पुढं जातो. तिथून पेशीच्या बाहेर, आणि मग अंगाला."

"आणि हिचं?" दर्शननं विचारलं.

"तो बुडबुडा सुटायला एक प्रथिन लागतं. हिचं तेच बिघडलेलं आहे. चरबी आत जाते, गुंडाळली जाते आणि तिथंच अडकून पडते."

मालन इतका वेळ पदराचं टोक पिळत होती. "म्हणजे मासळीच्या पाट्या भरल्या, पण बंदरातून हलल्याच नाहीत."

"हो, तसंच."

"आणि मी वरनं आणखी टाकीत ऱ्हायले."

"आजी, हे कुणालाच कळलं नसतं. आणि दोष कुणाचा नाही. जनुकाची एक बिघडलेली प्रत आईकडून आलीय, एक बाबांकडून. दोघांनाही ठाऊक असायचं कारण नव्हतं." डॉक्टर वैष्णवीकडे वळल्या. "उपाय आहे. चरबी अगदी कमी करायची. 'ई' जीवनसत्त्व चरबीच्याच पाठीवर बसून अंगात जातं, ते हिला पोचत नाही. ते भरपूर द्यायचं, म्हणजे नसा आणि डोळे सांभाळले जातील. वेगळ्या प्रकारच्या चरबीचं दूध पावडरमध्ये मिळतं, ते हिला पचेल. पण अंगावरचं आता सोडवावं लागेल."

वैष्णवीनं मान हलवली. एस.टी.त बसेपर्यंत ती रडली नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. सानवी वाटीतलं दूध थुंकायची आणि आईच्या पदरात तोंड खुपसून शोधत राहायची. वैष्णवीची छाती दगडासारखी झाली. पोर रडली की दुधानं पोलकं भिजायचं. माझंच दूध माझ्या लेकीला बाधलं, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत राहायचा.

मालन परसात गेली आणि ओंजळभर मोगरा तोडून आली. "बस हितं," म्हणाली. धुतलेल्या मऊ कपड्यात फुलं पसरून तिनं सुनेच्या छातीला हलक्या हातानं बांधली. "दूध आटतं ह्यानं. माझ्या आयेनं मला बांधलं होतं, धाकटा गेला तेव्हा."

वैष्णवीला हे कधीच माहीत नव्हतं. दर्शनच्या पाठीवर आणखी एक मूल होतं, हे घरात कुणी बोलत नसे. ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मालन तिची पाठ चोळत राहिली.

पण पोरीला भरवायला मालन काही केल्या तयार होईना. दूध कालवून द्यायची, वाटी सुनेपुढं ठेवायची आणि ओटीवर जाऊन बसायची. "नको गो. माझ्या हातानं वाईटच झालं."

काही दिवस वैष्णवीनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी तिनं बिनतुपाचा मऊ भात मुगाच्या पाण्यात कुस्करला, वर मुडदुशा या कमी चरबीच्या माशाचा एक उकडलेला तुकडा काटे काढून घातला, आणि वाटी व सानवी दोन्ही मालनच्या मांडीवर ठेवली.

"आई, ती माझ्याकडं आली की दूधच शोधते. तुमच्याकडं शोधत नाही. तुम्ही भरवलंत तरच खाईल."

"उलटलं तर?"

"तर पुसू."

मालननं बोटाच्या टोकावर एवढासा भात घेतला. सानवीनं आजीचं बोट दोन्ही मुठींत धरलं आणि चोखून साफ केलं. मग तोंडाचा आ केला. वाटी रिकामी झाली. दोघी तिच्याकडं बघत बसल्या. पोरीनं एक ढेकर दिला आणि आजीच्या मांडीवरच झोपून गेली. उलटलं नाही.

दुपट्यांचा वास हळूहळू गेला. गालांवर जरा बाळसं आलं. चालायला इतर मुलांपेक्षा उशीर लागला, पण पावलं टाकू लागली. डॉक्टर ऋतिका नसा तपासायला दर खेपेला गुडघ्यावर लहानशी हातोडी मारून बघतात. पाय टुणकन उडतो आणि सानवी खिदळते. औषध जन्मभर घ्यायचं आहे, हे घरात सगळ्यांनी मानून घेतलंय.

परवा दर्शन सुट्टीवर आला. दारात चप्पल काढतो तोच सानवी भिंतीला धरत धरत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याची पँट धरून उभी राहिली. त्यानं तिला वर उचललं आणि मुद्दाम कण्हला.

"आये, जड झाली गो ही!"

"दृष्ट लावू नको," मालन आतून ओरडली, आणि वैष्णवी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.