पाणक्याची सीट

मी सायकलची सीट बोलतेय. अस्सल चामड्याची आणि तोंडाने फटकळ. माणसाची पारख करायला लोक त्याचा चेहरा बघतात. मी ज्या बाजूने बघते तिथे सोंग चालत नाही, म्हणून माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

इटलीतल्या व्हिचेन्साच्या एका कुरकुऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि एल्वियो पास्क्वालोनने विकत घेतलं. शर्यती हाच त्याचा धंदा. संघ बदलला की त्याची सायकल बदलायची, छातीवरची जाहिरात बदलायची. कधी सलामीची, म्हणजे मांसाच्या सुकवलेल्या सॉसेजची, कधी गॅसच्या शेगडीची. मला मात्र तो दर वेळी पाना लावून काढायचा आणि नव्या सायकलवर बसवायचा.

शर्यत म्हटलं की तुम्हाला हारतुरे आठवतात. कसले हारतुरे! आमचा एल्वियो पाणक्या. कप्तान कोर्रादोला तहान लागली की मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपर्यंत जायचं, बाटल्या पाठीवरच्या खिशांत कोंबायच्या आणि धापा टाकत पुढे यायचं. वारा सुटला की त्याच्यापुढे आडोसा व्हायचं. त्याचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं आणि स्वतः रस्त्याकडेला उभं राहायचं, बस चुकल्यासारखं. कोर्रादो जिंकला की म्हणायचा, "मी जिंकलो." हरला की, "पोरं कमी पडली." शी! आणि हा त्यावर मान डोलवायचा. मला दोघांचीही किळस यायची.

शेवटच्या मोसमात शर्यत एल्वियोच्या काल्वेरा गावातून जाणार होती. आमच्यात रीत आहे. एखाद्याचं गाव आलं की बाकीच्या सायकलवाल्यांचा घोळका त्याला पुढे सोडतो. त्याने उतरायचं, घरच्यांचे मुके घ्यायचे आणि घोळका आला की निमूट मागे लागायचं. त्या सवलतीत पळून गेला तर त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही.

"जा, आईला भेटून ये," कोर्रादो म्हणाला. "आणि शहाण्यासारखा वाग. पुढच्या वर्षीच्या करारासाठी संघाच्या साहेबांशी मीच बोलणार आहे, लक्षात ठेव."

एल्वियोला तो करार हवाच होता. सायकल सोडून दुसरं काही येत होतं कुठे त्याला!

चौकात अख्खं गाव जमलेलं. टेबलावर सलामी, वाइन, वर त्याच्या नावाचं फडकं. त्याची आई इनेस एप्रनला हात पुसत पुढे आली.

"पहिला आहेस?"

"हो, आई."

"मग उतरलास कशाला, मेल्या? पळ की!"

"अगं, त्यांनीच सोडलंय मला. थांबायचं असतं."

"सोडलंय? कुत्रा आहेस का तू त्यांचा?"

तेवढ्यात घोळका आला. "ए एल्वियो, पाणी आण! नळाचं, गार!" असं ओरडत कोर्रादोने रिकामी बाटली भिरकावली. ती सगळ्या गावासमोर फरशीवरून गडगडत आली. शरमेने मी मेले.

बाटली इनेसने उचलली. नळावर भरली आणि लेकाच्या हातात दिली.

"घे. मालक तहानलेत."

एल्वियो निघाला. घोळका गाठून कोर्रादोच्या बाजूला आला. कोर्रादोने न बघताच हात पुढे केला. एल्वियोने झाकण दातांनी उघडलं, सगळं पाणी स्वतः प्यायला, बाटली शेतात फेकली आणि पायडलवर उभा राहून सुटला. रीत त्याने पाळली, चाकरी मोडली.

त्याचेच संघवाले त्याच्या मागे लागले. शेवटची कमान समोर दिसत असताना त्यांनी त्याला गाठलं. साहेबाने त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवलं. करार गेला.

आता तो गावात ट्रॅक्टरची टायरं दुरुस्त करतो. मला त्याने आईच्या सायकलवर बसवलंय.

परवा पाववाला दात काढत म्हणाला, "काय इनेसबाई, शेवटी पकडलाच ना पोराला?"

"पकडला. शंभर जण मागे लागले तेव्हा कुठे सापडला. तुझ्यामागे कोण लागलंय रे आजवर, बायकोशिवाय?"

पाव टोपलीत टाकून ती माझ्यावर बसली. या म्हातारीला मी टोचत नाही. तुम्ही मात्र माझ्यावर बसायला येऊ नका.