सरांच्या खिशातला ओटीपी

लोह्याच्या बसस्टँडवर श्रीशैल सरांचं पोस्टर लागलंय. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी सृष्टी. 'आमच्या संस्थेची विद्यार्थिनी विभागात चौथी. मार्गदर्शक : श्रीशैल सर.' ते दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. या माणसाला एक्सेलमध्ये एका रकान्याची बेरीज लावता येत नाही. करायचं कुणी आणि मिरवायचं कुणी!

मी आरती. सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सहा वर्षं शिकवते. सृष्टीला मीच शिकवलं, म्हणजे पहिले चार महिने. नंतर तीच मला वर्डमधल्या खाचाखोचा दाखवायला लागली. बारावीची पोर, रोज गावाहून जीपनं येते. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटची विद्यार्थ्यांची स्पर्धा निघाली तेव्हा तिचं नाव मी घातलं. पहिली फेरी नुसत्या पासवर्डवर होती, ती तिनं घरबसल्या मारली. दुसरी लातूरला होती. त्यातले पहिले तिघं पुण्याला अंतिम फेरीला जाणार होते.

तिचे वडील वैजनाथराव तेव्हाच बोलले होते, "म्याडम, पुण्याला नंबर लागला तर हिला नांदेडला बीसीएला ठेवतो. न्हाई तर हितंच बीए करू द्या. उगं कशाला लांब धाडायचं?"  दुसऱ्या दिवसापासून सृष्टी क्लासला तासभर आधी यायला लागली.

आता आमच्या क्लासची एक रीत सांगते. कुठलाही फॉर्म भरला की मोबाइल नंबर सरांचाच टाकायचा. पोरांचा नाही, आईबापाचा तर नाहीच. कारण नंबर बाहेर गेला की चौकातला दुसरा क्लासवाला फोन करून पोरं पळवतो, असं सरांचं म्हणणं. त्रेसष्ट विद्यार्थी आणि त्रेसष्टांचा नंबर एक. स्पर्धेच्या फॉर्मवरही मी तोच टाकला. हात सवयीनं चालला. आज त्या हाताचा मला राग येतो.

लातूरला एका कॉलेजात वर लॅबमध्ये स्पर्धा आणि खाली हॉलमध्ये समारंभ होता. सर पाहुणे म्हणून स्टेजवर. बरोबर अकराला स्पर्धा सुरू झाली, पन्नास मिनिटांची. दोन मिनिटांत सृष्टी बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"म्याडम, लॉगिनला ओटीपी मागून राहिलंय. सरांच्या मोबाइलवर गेलाय."

मी फोन लावला. एकदा, चारदा, नऊदा. सायलेंट. धावत खाली गेले, तर सर माइकसमोर. "ग्रामीण भागातल्या लेकींना संधी मिळाली पाहिजे," असं चाललेलं. स्टेजच्या पायरीवर बिल्ला लावलेल्या एकानं मला अडवलं.

"म्याडम, जरा दमानं. सत्कार चालू हाय."

आणि मी थांबले. हे मला स्वतःला माफ करता येत नाही. पदर सावरून, सभ्य बाईसारखी, घड्याळाकडे बघत मी वीस मिनिटं त्या पायरीशी उभी राहिले. भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला, मग आयोजकांचे आभार सुरू झाले. तेव्हा कुठं माझं डोकं फिरलं. त्या माणसाला बाजूला सारून मी वर गेले. सरांना वाटलं मी फोटोला आले. त्यांनी मला शेजारी ओढलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"सर, मोबाइल द्या. सृष्टीचा ओटीपी."

"अगं, होऊन जाऊ दे एवढं. पोरगी कुठं पळून चाललीय?"

मी त्यांच्या खिशात हात घातला आणि मोबाइल काढून घेतला. समोर तीनशे माणसं बसली होती. बसू देत. आलेला ओटीपी दहा मिनिटांतच बाद झाला होता. वर जाऊन नवा मागवला. सृष्टी लॉगिन झाली तेव्हा अकरा बत्तीस झाले होते.

अठरा मिनिटांत तिनं एकोणतीस प्रश्न सोडवले. तिसऱ्या आलेल्या मुलानं पन्नास मिनिटांत एकतीस. आयोजकांना मी सांगून बघितलं. ते म्हणाले, नंबर तुमच्याच संस्थेनं दिला होता. खोटं कुठं होतं?

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत सृष्टी खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्याडम, माझा न्हाई तर न्हाई, तुमचा नंबर का न्हाई टाकला?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर वडील म्हणाले, बघ, म्हणलो होतो ना. आणि विषय मिटला.

चार दिवसांनी पोस्टर लागलं. त्या सकाळी सर यायच्या आधी मी सृष्टीला बसवलं. एकच पत्र ज्याच्या त्याच्या नावानं आणि तपशिलासह छापायचं काम तिच्या हातचा मळ. पत्र मी सांगितलं, जुळवणी तिनं केली. चार मिनिटांत त्रेसष्ट पत्रं प्रिंटरमधून बाहेर पडली. प्रत्येकावर पालकाचं नाव, मुलाच्या परीक्षा-सर्टिफिकेटच्या खात्याचा लॉगिन आयडी, लातूरला काय झालं ते, आणि शेवटी एक ओळ : या खात्यावर नंबर सरांचा आहे, येऊन स्वतःचा टाकून घ्या. पोरांच्या हाती पत्रं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दहाला क्लासबाहेर चपला मावेनात. सगळ्यात पुढं वैजनाथराव, हातात पत्र आणि बीसीएचा फॉर्म.

"अठरा मिनिटांत एकोणतीस?" त्यांनी मला विचारलं.

"हाव."

ते लेकीकडं बघायला धजले नाहीत. सरांना म्हणाले, "मी पोरीलाच बोललो, सर. तिची चूक समजून. नांदेडच्या फॉर्मला तिचं सर्टिफिकेट जोडायचंय, अन् ते तुमच्या नंबरात अडकलंय. काढा भाईर."

"आरती, तुला मी नंतर बघतो," सर दात खाऊन म्हणाले.

"बघा. मी उद्यापासून येणार नाही, तेव्हा आजच बघून घ्या. आधी तिचं काम करा."

सृष्टीनं वडिलांचा नंबर टाकला आणि बटण दाबलं. जुना नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्याच नंबरावर जातो. सरांच्या खिशात मोबाइल वाजला. सर हलले नाहीत. दारापर्यंत माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात पत्र होतं आणि कुणाला घाई नव्हती.

सृष्टीनं खुर्ची सरांकडे वळवली.

"सर, दहाच मिनिटं असतात. आकडे वाचा."

सरांनी खिशातून मोबाइल काढला आणि वाचायला लागले. वैजनाथरावांच्या मागं अजून बासष्ट जण होते.